तुमच्या नावाची झाडं सड्यावर नकोत

अहो,

मायना काय घालावा यातच माझी अर्धी दुपार गेली. तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला पत्र लिहायची वेळ एकदाच आली होती. तुमची बदली संगमेश्वरला झाली होती तेव्हा. त्या पत्रातसुद्धा मी नमस्कार-चमत्कार काही न घालता सरळ लिहिलं होतं, ‘डाळ संपली आहे, शनिवारी येताना आणा.’ ते पत्र तुम्ही गुरांच्या दवाखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलंत आणि वर्षभर मला चिडवलंत. म्हणून आजही सरळच लिहिते. मला तुमच्याशी भांडायचं आहे.

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. भटजी जेवून गेले, चार माणसं जेवून गेली, नंदा उरलीसुरली भांडी आवरून आत्ता कुठे लवंडली आहे. उद्या सकाळच्या एस्टीने ती सावर्ड्याला सासरी जाईल. खरं म्हणजे तिच्याबरोबर मीही जाणार होते. ट्रंक भरून तयार होती. आणि आता मी जात नाही. का जात नाही ते तुम्हाला सांगायला नको? तुमच्यापायीच तर सगळं!

दमले हो मी. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला बरं. गुडघे बोलतात, कंबर बोलते, आणि दारात रोज कुणी ना कुणी उभं. ‘वयनी, गायीच्या कानात गोचीड शिरली.’ ‘वयनी, पिशवी फाटली.’ ‘वयनी, खालच्या वाडीतली पोरं सड्यावर काड्यापेटी घेऊन गेलीत.’ अहो, मी काय दवाखाना उघडलाय? गुरांचे डॉक्टर तुम्ही. आणि डॉक्टर तरी कसले, सरकारी कागदावर साधे पशुधन पर्यवेक्षक. पण गावाने तुम्हाला डॉक्टर केलं आणि तुमच्यामागे मला कंपाउंडर!

हे कुठून सुरू झालं ते मला चांगलं आठवतं. धनगरवाडीतल्या जानूदादाच्या म्हशीचं रेडकू आडवं आलं होतं. तुम्ही कोपरापर्यंत हात घालून ते सोडवलंत, म्हैसही वाचली. जानूदादा रडायला आला. म्हणाला, ‘डाक्तर, काय देऊ तुमाला?’ दुसरा कुणी असता तर तुपाची बरणी मागितली असती. तुम्ही काय मागितलंत? ‘यंदा सडा जाळू नकोस.’

गावाच्या डोक्यावरचा तो सपाट कातळ. पावसाळ्यात कमरेएवढं गवत, आणि होळीनंतर उघडा बोडका. दर उन्हाळ्यात धनगर त्याला काडी लावत आले होते. जळलं की गोचीड मरते आणि पहिल्या सरीला कोवळं गवत फुटतं, हा त्यांचा हिशोब. आणि तुमचं म्हणणं, त्याच दिवसांत टिटवी तिथे उघड्यावर अंडी घालते, चंडोल गवताच्या बुंध्याशी घरटं करतो, ती सगळी होरपळून मरतात. जानूदादाने डोकं खाजवलं. ‘मंग गोचिडीचा काय करायचा?’ आणि तुम्ही छाती पुढे काढून म्हणालात, ‘गोचिडीचं मी बघतो.’

मी बघतो! आवळा देऊन कोहळा काढलात खरा, पण तो कोहळा उचलायला कोण? आठवडाभराने तुम्ही घरी एक गठ्ठा बारदान आणलंत आणि माझ्या शिवणयंत्राशेजारी ठेवलंत. ‘मालू, जरा पिशव्या शिवून देतेस का?’ म्हणे त्यात गोचिडीची पावडर भरायची, सड्यावर जायच्या वाटेवर दगडांच्या गडग्याला जिथे गुरं जायचं बेडं आहे तिथे किंजळाच्या फांदीला टांगायची. गुरं खालून गेली की पाठ घासते, पावडर आपोआप अंगावर पडते. युक्ती चांगली होती, नाही म्हणत नाही. पण माहेराहून आणलेलं ते यंत्र! त्यावर मी नंदाची झबली शिवली, गावातल्या पोरींची परकर-पोलकी शिवली, आणि तुम्ही त्यावर बारदान चढवलंत. सुया तुटल्या, बोटं सोलली. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, दुसरं काय!

तरी शिवल्या. वर्षानुवर्षं शिवल्या. पण एक गोष्ट मनाला अजून लागून आहे. त्या पिशव्या जिथे टांगल्या जात, त्याच्या पलीकडे मी तुमच्याबरोबर एकदाही गेले नाही. तुम्ही एकदा म्हणाला होतात, ‘चल, तुला चंडोल ऐकवतो. वर वर जात गातो, दिसेनासा होतो आणि गाणं तेवढं खाली येत राहतं.’ मी म्हटलं, ‘आणि भात कोण शिजवणार? तुमचा चंडोल?’ तुम्ही हसलात आणि एकटे गेलात. एकदा तरी ओढून न्यायचं होतंत मला. मी नाही म्हटलं तर ऐकायचं नसतं, हे इतक्या वर्षांत तुम्हाला कळलं नाही का हो?

मागच्या वैशाखात जेवून पडवीत आडवे झालात ते उठलातच नाहीत. मी ताक घेऊन आले होते. पेला हातात तसाच राहिला.

त्या दिवसांत बायका यायच्या, बसायच्या, रडायच्या. बहुतेक मायेने आल्या. पण एकीने, नाव नाही सांगत, तुम्ही तिच्या गायीसाठी रात्री-अपरात्री धावलेले आहात, माझ्या तोंडावर म्हटलं, ‘टिटवी वाईटच गो. राखली ती राखली आणि तिनंच नेलान.’ टिटवी ओरडली की माणूस जातं, हे मलाही लहानपणापासून सांगितलेलं. मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. पण रात्री सड्याकडून टिटवी ओरडली की मी कानावर उशी घेत होते. त्या पाखराचा मी राग राग केला. तुमचासुद्धा केला. इतक्या जिवांना जपलंत, स्वतःच्या छातीत दुखत होतं ते कुणाला सांगवलं नाही? मलासुद्धा नाही?

मग पाऊस आला आणि गेला. गवत वाढलं, पिकायला लागलं. भाद्रपद सरत आला तसा जानूदादा आला. पायरीवर बसला, डोक्यावरची घोंगडी काढून मांडीवर घेतली. म्हणाला, ‘वयनी, सड्याचा आता कसा करायचा?’

मी म्हटलं, ‘मला काय विचारतोस? मी चुलीपुढची बाई.’

‘मंग कोनाक इचारू? डाक्तर नाय, तर तुमालाच इचारणार. गवत कापायच्या टायमाला लोका भांडतत. कोनीतरी मधी हुबा रवाया पायजे.’

मधी. तो शब्द मला तेव्हा नीट कळला नाही, सड्यावर गेल्यावर कळला. कापणी तुम्ही उलटी करून ठेवली होतीत ना! आधी जो तो आपल्या वाट्याच्या कडेने कापत आत यायचा. लाव्याची आणि चंडोलाची पिल्लं आत आत सरकायची आणि शेवटच्या गवतात विळ्याखाली यायची. तुम्ही सांगितलंत, मधून सुरुवात करा आणि कापत बाहेर या, म्हणजे पाखरं कडेच्या झुडपांत पळतील. पण मधून कापायचं म्हणजे दुसऱ्याच्या वाट्यातलं गवत तुडवत आत जायचं. तुम्ही होतात तेव्हा लोक तुमच्या तोंडाकडे बघून गप्प बसत. तुम्ही गेलात आणि कापणीच्या पहिल्याच दिवशी तीन घरांत बाचाबाची.

मग काय करते! पदर खोचला आणि गेले. सड्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. म्हटलं, ‘माझ्यापासून सुरू करा. ज्याचं गवत माझ्या पायाखाली तुडवलं गेलं, त्याने मला शिव्या घालाव्यात, दुसऱ्याला नकोत.’ लोक हसले आणि कामाला लागले. विळे चालू झाले, भारे बांधले गेले. आणि ऐन दुपारी एक लावा पिल्लांची रांग घेऊन विश्रामभावांच्या पायावरून पळाला. विश्रामभाव म्हणजे आपल्या गावचे मानकरी, एरवी कायम भुवया चढवलेले. ते पोरासारखे ओरडले, ‘अरे बघा, बघा, गेली ती गेली!’ तेवढ्यात माझ्या डोक्यावर कुठेतरी गाणं सुरू झालं. मी वर बघितलं तर नुसतं आभाळ. दिसेना काही. तेव्हा कळलं, हा तुमचा चंडोल.

इतकी रडले मी त्या सड्यावर, अहो. लोकांना वाटलं ऊन लागलं. एका बाईने मला गडग्याच्या सावलीत नेऊन पाणी पाजलं.

त्या दिवसापासून मी पकडली गेले. तुम्ही तरी पगार घेत होतात, मी फुकटची डॉक्टरीण. थंडी सरली, गोचीड वाढली, पिशव्या फाटल्या. तुमच्या जागेवर आलेला नवा माणूस भला आहे, पावडर वेळेवर देतो, पण डोंगर चढायचा त्याला कंटाळा. म्हणून पावडर भरायची मी, जानूदादाच्या पोरांना बोलावून टांगायची मी, आणि ‘वयनी, एवढ्यानं मरत नाय, काडी लावूया’ म्हणणाऱ्या पोरांना दम द्यायचा तोही मीच. एका पोराचा तर मी कान पिरगळला. त्याची आई भांडायला आली. तिच्याशीही भांडले. रोज उठून मनात म्हणायचे, वर्षश्राद्धापर्यंत. तोवर ओढते, मग जानूदादा जाणे आणि गाव जाणे.

शिमगा आला. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली. विश्रामभाव गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. बायकांच्या घोळक्यात मी मागे होते. तुम्हाला माहीतच आहे त्यांचा आवाज, खालच्या वाडीपर्यंत ऐकू जातो. ‘बा देवा म्हाराजा! तुझी रयत तुझ्या पायाशी हुबी हाय. चाकरमानी मुंबईस गेलेत तेंच्या पोटापाण्याला यश दे. लेकराबाळांची, गुराढोरांची राखण कर. आणि आमच्या सड्यावर जी काय पाखरा अंडी घालतील, तेंच्या घरट्याला आमचा पाय लागू देव नको, आमची काडी लागू देव नको!’ आणि सगळा गाव एका आवाजात, ‘होय म्हाराजा!’

ती ओळ तुम्ही घालून घेतली होतीत. किती मागे लागला होतात विश्रामभावांच्या! ते म्हणायचे, ‘डाक्तर, देवाला पाखरांचा काय सांगायचा, तेची तर हायत ती.’ आणि तुम्ही म्हणायचात, ‘देवाला नाही हो, गावाला ऐकू जायला हवं.’ मला वाटलं होतं तुमच्यामागे ती ओळ गळून पडेल. नाही पडली. मी नारळ घेऊन घरी आले आणि त्या रात्री पहिल्यांदाच उशी कानावर न घेता झोपले.

आता भांडणाच्या मुद्द्यावर येते.

मे महिन्यात चाकरमानी आले. विश्रामभावांचा पुतण्या प्रकाश, मुंबईच्या मंडळाचा सेक्रेटरी, त्याच्या पाठोपाठ एक टेम्पो आला. टेम्पोत सुबाभळीची रोपं. काळ्या पिशव्यांत, हिरवीगार. देवळात मीटिंग बोलावली, मला पुढे सतरंजीवर बसवलं. प्रकाश बोलायला उभा राहिला. बोलतो छान हो पोरगा! म्हणाला, ‘डॉक्टरकाकांनी सगळं आयुष्य त्या सड्यावर घातलं. तो सडा असा उजाड राहिला तर आपल्याला लाज वाटायला पाहिजे. काकांच्या वर्षश्राद्धाला आपण तिथे त्यांच्या नावाचं वन उभं करायचं. पाच वर्षांत कातळ दिसणार नाही!’ आणि मग त्याने पत्र्याची पाटी उचलून दाखवली. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. वर तुमचं नाव, खाली ‘स्मृतिवन’.

टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या बायकांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. मी पदर डोळ्यांना लावला आणि सगळ्यांना वाटलं, बाईला धन्य वाटलं.

वाटलंच होतं, खोटं कशाला बोलू? तुमचं नाव रंगात लिहिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. आपल्या दारावरसुद्धा कधी पाटी नव्हती. वाटलं, होऊ दे. झाडं काय वाईट असतात? सडा झाडांचा झाला की गोचीड नको, पिशव्या नकोत, कापणीच्या वेळी मधे उभं राहणं नको. पाटी लागेल, मी ट्रंक उचलीन, सावर्ड्याला नातवाला मांडीवर घेऊन बसेन. एक अख्खी रात्र मी असं वाटून घेतलं. तुम्हाला राग आला असेल तर येऊ दे. तुम्हाला तिथे बसून काय जातंय!

पण करायला गेले गणपती आणि होत होता मारुती, हे कळत होतं. तुम्हीच कितीदा सांगितलं होतंत, या पाखरांना झाड नको, उघडं माळरान लागतं. झाडावर कावळे बसतात आणि अंडी टिपतात. सावली पडली की गवत जातं. आणि तेच सगळं तुमच्या नावाने होणार, तुमच्यावरच्या मायेने! शत्रूने केलं असतं तर भांडणं सोपं होतं.

सकाळी जानूदादाला बोलावलं. म्हटलं हा तरी माझ्या बाजूने असेल. तर हा खूश! ‘वयनी, प्रकाश सांगतो, त्या झाडाचा पाला शेरडा आवडीनं खातत. डाक्तरांचा नाव पन होल.’ झालं. आता बोला! माझा एकुलता एक वकील तोही फिरला.

मी म्हटलं, ‘चल माझ्याबरोबर.’ दोघं सडा चढून गेलो. गुडघे नको म्हणत होते. वर पोरांनी खड्ड्यांच्या जागा आखून ठेवल्या होत्या, चुन्याच्या फक्कीचे पांढरे ठिपके, अगदी सरळ ओळीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. ती ओरडते त्याअर्थी अंडी जवळपास, एवढं मला वर्षभरात कळायला लागलंय. आम्ही दोघं वाकून वाकून बघत चाललो. दिसतात कुठे ती! कातळाच्या खड्यांतच ठेवलेली, खड्यांच्याच रंगाची. शेवटी फक्कीच्या एका ठिपक्यापाशी जानूदादा थांबला. ठिपक्याला लागूनच अंडी होती. एका अंड्यावर फक्की सांडली होती. अर्धं अंडं पांढरं.

पोरांना दिसलंच नव्हतं ते. दिसलं असतं तर त्यांनी फक्की टाकली नसती, वाईट नाहीत ती. पण दुसऱ्या दिवशी तिथेच पहार बसणार होती.

जानूदादा उकिडवा बसला. फुंकर घालून फक्की उडवायला गेला, नाही उडाली, दवाने चिकटली होती. मी म्हटलं, ‘राहू दे, हात लावू नको. आता सांग, तुझी शेरडं पाला खातील, पण गायी-म्हशी काय खातील? या झाडांखाली गवत उगवेल?’

त्याने ठिपक्यांची ओळ टोकापर्यंत न्याहाळली. मग म्हणाला, ‘नाय उगवाचा.’ आणि आम्ही लांब होऊन गडग्यापाशी गेलो, तेव्हा कुठे टिटवी उतरून अंड्यांवर बसली.

संध्याकाळी मी देवळात परत मीटिंग बोलवायला लावली. उभी राहिले. भरल्या देवळात मी कधी बोलले आहे का हो? हळदीकुंकवापलीकडे आवाज गेला नाही माझा. म्हटलं, ‘तुमची माया मला कळते. पण सड्यावर झाडं लावू नका.’

एकदम कुजबुज. विश्रामभावांचा चेहरा पडला. म्हणाले, ‘वयनी, डाक्तरांचा मान तुमालाच नको? पोरांनी मुंबईस्न एवढी रोपा आणली ती काय खेळायला?’ प्रकाश म्हणाला, ‘काकू, उजाड माळावर हिरवळ आली तर कुणाचं काय बिघडतं?’

तिथे माझं डोकं फिरलं. ‘उजाड कुणाला म्हणतोस रे?’ मी म्हटलं. ‘तुझ्या काकाच्या पायावरून लावा पळाला तो काय उजाडातून आला? तुझ्या घरची गाय बारा महिने खाते ते काय उजाड? तुझे डॉक्टरकाका जिथे जन्मभर उन्हात उपडे पडून पाखरं बघत होते, ती जागा तुला ओसाड दिसते म्हणून तिला झाकणार?’ आणखीही बोलले. आवाज चढला, श्वास लागला, आणि मग शब्दच संपले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी मागून म्हणालं, ‘बाई दुःखात हाय, मनावर नका घेव.’ मला वाटलं, हरले. माझ्या बोलण्यावर त्यांनी दुःखाची चादर घातली, संपलं.

विश्रामभाव म्हणाले, ‘नायतर देवाला कौल लावूया. देव सांगल तसा.’

तेव्हा जानूदादा उभा राहिला. धनगरवाडीची माणसं देवळात नेहमी मागे खांबाशी बसतात, तिथूनच बोलला. ‘इश्रामभाव, कौल कशाला? शिमग्याला गाराना तुमीच घातलाव. पाखरांच्या घरट्याला आमचा पाय लागू देव नको म्हटलाव. आमी सगळी हुबी होतो. होय म्हाराजा म्हटला. आज सकाळी मी बघून आलो. जिथं पहार मारायची तिथं अंडी हायत. आता देवाला परत काय इचारायचा?’

विश्रामभावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मानकरी माणूस, शब्द बाहेर पडला तो पालखीसमोर. त्यांच्या तोंडातून निघालेला, आणि त्यावर गावाने होय म्हटलेलं. ते खाली बघून म्हणाले, ‘प्रकाश, सड्यावर पहार मारायची नाय.’

आणि प्रकाश? बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, ‘मग काकू, या रोपांचं काय करू? काकांसाठी आणली होती हो.’ लहान असताना त्याच्या कुत्र्याला तुम्ही वाचवलं होतंत, म्हणून तो हे सगळं करत होता. ते त्याने तेव्हा सांगितलं. मला आधी ठाऊक असतं तर मी त्याला इतकं बोलले नसते.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आपल्या घराखालचा तुकडा आहे, तिथे लाव. माझ्या दारात. पाटीही तिथेच लाव. सुबाभळीमधे चार फणस, चार जांभळं पण आण. पाणी मी घालीन.’

झालं! पाणी मी घालीन म्हटलं म्हणजे कोण घालणार? तो तुकडा मी विश्रामभावांना कसायला देऊन मोकळी होणार होते. दाराला कुलूप लावणार होते. आता पुढच्या उन्हाळ्यात विहिरीवरून घागरी भरून त्या रोपांना घालायच्या, नाहीतर लोक म्हणतील, डॉक्टरांच्या बायकोने डॉक्टरांची झाडं मारली. वन तुमच्या नावाचं आणि घागरी माझ्या कमरेवर! ‘मी बघतो’ म्हणायची तुमची खोड मलाही लागली म्हणायची.

नंदा रागावली. म्हणाली, ‘आई, तू म्हातारी झालीस, तुला कळत नाही का? तिकडे नातू वाट बघतोय.’ खरंच आहे तिचं. मी तिला म्हटलं, नातवाला सुट्टीत इकडे घेऊन ये, मी त्याला सड्यावर नेईन, तो नाही म्हणाला तरी ओढून नेईन. ती म्हणाली, ‘बाबांसारखंच बोलायला लागलीस.’ मग आम्ही दोघी हसलो आणि मग रडलो. काल श्राद्धाचं पान वाढलं तेव्हाही रडलो. कावळा लगेच शिवला. म्हणजे तुम्हाला काही तक्रार नाही असं दिसतं. मला आहे!

ट्रंक आज सकाळी रिकामी केली. लुगडी परत कपाटात ठेवली. रिकामी ट्रंक दिसायला बरी दिसेना म्हणून तिच्यात बारदानं भरून ठेवली, उंदीर लागायला नको.

आज पहाटे टिटवी ओरडत थेट आपल्या घरावरून गेली. शेजारीण अंगणात होती, घाबरून म्हणाली, ‘अगो बाई, सकाळी सकाळी!’ मी म्हटलं, ‘ओरडू दे तिला. अंडी आहेत तिची.’ मग सकाळीच हळूहळू वर जाऊन आले. फक्कीचं अंडं तसंच होतं, फुटलं नव्हतं. त्यातून पिल्लू येईल का हो? तुम्ही असतात तर सांगितलं असतंत. मला नाही सांगता येत.

आता उठायला हवं, चुलीवर पाणी ठेवलंय. तेवढं शेवटचं सांगते आणि भांडण मिटवते. पायात बळ आहे तोवर सड्याला काडी लागू देणार नाही, आणि पिकलं गवत मधूनच कापलं जाईल. माझ्यानंतर कोण, ते मला विचारू नका, माझ्या अंगात एवढंच आहे. आणि पाऊस लागायच्या आत एक दिवस भात शिजला नाही तरी चालेल, मी चंडोल ऐकायला जाणार आहे. या वेळी तुम्ही बोलावलंत म्हणून.

होय म्हाराजा.

तुमची,
मालू